‘कॅनडाचा अनुभव नाही’ असं मीच लिहिलं

खिडकीजवळची (मिसिसागा)

नमस्कार मंडळी. एरवी मी नुसती वाचक. आज लिहितेय, कारण गेल्या आठवड्यात स्वतःचीच लाज वाटली. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "एवढं काय त्यात, सगळेच करतात." दुखणं तेच आहे.

मी इथे एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळते. मूळची सांगलीची. कोल्हापुरात सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी, मग आठ वर्षं एका डेअरीच्या लॅबमध्ये. २०११ साली इकडे आलो आणि पहिले चौदा महिने मी रात्रपाळीला बिस्किटांचे खोके चिकटवले. अर्ज करीन तिथे एकच प्रश्न, "कॅनेडियन एक्स्पीरियन्स आहे का?" पोहता येत नाही म्हणून पाण्यात उतरू देत नाहीत, आणि पाण्यात उतरल्याशिवाय पोहायला येत नाही. इथे आलेल्या प्रत्येकाला हे पाठ असेल.

तर आता मीच माणसं घेते. लॅब अ‍ॅनालिस्टची एक जागा होती, अर्ज आले १६३. बुधवारी संध्याकाळी उरलेले छापून घेऊन बसले. लेकाला पोहण्याच्या क्लासवरून आणायचं होतं, म्हणजे हातात पाऊण तास. हो, नाही, बघू असे तीन ढीग. एका कागदाला वीस-पंचवीस सेकंद.

आमच्याकडे यंदापासून दोघांनी वेगवेगळी चाळणी लावायची असं ठरलंय. माझी सहकारी इथेच जन्मलेली, आजी-आजोबा पोर्तुगालहून आलेले. गुरुवारी तिची यादी आणि माझी यादी शेजारी ठेवली. तिच्या पहिल्या पाचातली एक बाई माझ्या ‘नाही’ ढिगात. नायजेरियातल्या लागोसची. नऊ वर्षं दूध आणि फळांच्या रसाच्या लॅबमध्ये, लिस्टेरिया या अन्नातल्या घातक जिवाणूच्या चाचण्या केलेल्या, आयएसओ १७०२५ (चाचणी प्रयोगशाळांचं मानक) च्या ऑडिटला दोनदा तोंड दिलेलं. आणि समासात माझ्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं: "कॅ. अ. नाही."

मग ‘नाही’चा अख्खा ढीग परत काढला. अशा आणखी चार सापडल्या. आणि ‘बघू’मध्ये एक इंग्लंडमधल्या लीड्सचा मुलगा होता. त्यालाही कॅनडाचा अनुभव शून्य. त्याच्या समासात मी काहीच लिहिलं नव्हतं.

आमच्या आँटॅरिओ प्रांतात १ जानेवारी २०२६ पासून पंचवीस किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला जाहिरातीत कॅनडाच्या अनुभवाची अट घालता येत नाही. आमची जाहिरात अगदी धुतल्या तांदळासारखी होती. अट माझ्या पेन्सिलीत होती.

माझा प्रश्न सरळ आहे. तुमच्यापैकी जे माणसं निवडतात, ते नेमकं काय करतात? मन मोठं करा वगैरे सांगू नका. माझं मन लहान आहे असं मला अजूनही वाटत नाही, आणि तरी हे झालं.

---

उंबरठा

वाचतेय. बिस्किटांचे खोके वाचून पोटात तुटलं. मी कॉफीच्या दुकानात होते, सतरा महिने. बाकी नंतर लिहिते.

---

सडेतोड

ताई, तुम्ही उगाच मनाला लावून घेताय. १६३ अर्ज आणि पाऊण तास, माणूस काहीतरी खूण धरूनच चाळणार. स्थानिक अनुभव ही वाईट खूण नाही. इथले नियम माहीत असतात, बोलणं कळतं, पहिल्या हिवाळ्यात पळून जात नाही. कंपनी म्हणजे अन्नछत्र नव्हे. उद्या ती बाई दोन महिन्यांत सोडून गेली तर साहेब तुम्हालाच विचारणार, लागोसच्या ऑडिटरला नाही.

---

खिडकीजवळची

सडेतोड, नियमांचं मलाही आधी असंच वाटलं. म्हणून लिहून काढलं, की या कामात ‘इथलं’ असं नक्की काय आहे. २०१९ च्या जानेवारीपासून लागू झालेले अन्नसुरक्षेचे केंद्रीय नियम, आमच्या सॉफ्टवेअरची पानं, आणि मराठीत ज्याला आपण टोमणा म्हणतो तो इंग्रजीत ओळखता येणं. पहिल्या दोन गोष्टी नव्या माणसाला मी तीन आठवड्यांत शिकवते, इथल्या कॉलेजातून आलेल्यालाही शिकवतेच. बाकी एचएसीसीपी, म्हणजे अन्नातले धोके आधीच ओळखून रोखायची पद्धत, सांगलीत तेच आणि ब्रॅम्प्टनमध्ये तेच. लिस्टेरियाला व्हिसा लागत नाही.

सोडून जाण्याचं म्हणाल तर गेल्या चार वर्षांत माझ्याकडून सोडून गेलेले तिघेही इथेच शिकलेले होते. तिघांवरून सिद्धांत मांडत नाही. पण उलटा सिद्धांत मी शून्य जणांवरून मांडला होता.

---

आकडेमोड (टोरोंटो)

ताई, तुमचा लीड्सचा मुलगा वाचून खुर्चीतून उठलो. हा प्रयोग तुमच्याच शहराच्या आसपास झालेला आहे.

टोरोंटो विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ फिलिप ओरिओपोलस यांनी २००८ पासून टोरोंटो परिसरातल्या खऱ्या जाहिरातींना हजारो बनावट अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक फक्त नाव, शिक्षणाचा देश आणि अनुभवाचा देश यांत. इंग्रजी नाव, शिक्षण-अनुभव कॅनडाचा: शंभरातल्या १६ अर्जांना बोलावणं. शिक्षण-अनुभव तोच कॅनडाचा, पण नाव भारतीय, पाकिस्तानी किंवा चिनी: ११. नाव तिकडचं आणि शिक्षण-अनुभवही तिकडचा: ५.

आता मजा बघा. ब्रिटनहून आलेल्या, कॅनडाचा काडीचा अनुभव नसलेल्या अर्जदारांना कॅनेडियन लोकांइतकीच बोलावणी आली. म्हणजे ‘कॅनडाचा अनुभव’ या शब्दात कॅनडा किती आणि बाकीचं किती, ते तुम्हीच ठरवा.

सडेतोडसाठी आणखी एक. मालक लोक कारण देतात भाषेचं. म्हणून काही अर्जांत भाषा उत्तम येते असं स्पष्ट लिहिलं, काहींत बहुराष्ट्रीय कंपनीतला अनुभव घातला, काहींत नामांकित कॉलेज. दरी तेवढीच राहिली. भाषेची शंका खरी असती तर पुरावा दिल्यावर थोडी तरी हलायला हवी होती.

---

सडेतोड

२००८ म्हणजे मंदीचा काळ. तेव्हा कुणालाच नोकरी नव्हती.

---

आकडेमोड

मंदी सगळ्यांच्याच अर्जांना होती ना मालक, ती नाव वाचून येत नाही. पुढे मॉन्ट्रियल आणि व्हँकुव्हरमध्येही तोच प्रयोग केला, कमी-जास्त तेच निघालं.

---

ज्ञानोबा (कॅल्गरी)

नावावरून आठवलं. आयुष्यात कुणी माझ्या नावाचा पहिला उच्चार इथे बरोबर केला असेल तर शपथ. ज्ञ हे अक्षर इंग्रजीत लिहिलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर वेलची चावल्यासारखा भाव येतो. फोन यायचा, "मे आय स्पीक टू..." आणि मग शांतता. त्या शांततेत मी काय काय ऐकलंय!

एका समुपदेशक बाईने सांगितलं, अर्जावर ‘डॅन’ लिहा. लिहिलं. फोन यायला लागले हेही खरं. पण मुलाखतीला गेलो की स्वागतकक्षातली पोरगी माझ्या मागे बघायची, डॅन कुठेय म्हणून. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बारशाला एकशेवीस पानं जेवली होती रे त्या नावावर."

दोन वर्षांनी नाव परत लावलं. आता मीही चार जणांच्या मुलाखती घेतो आणि खरं सांगतो, लांबलचक श्रीलंकन नाव आलं की माझीही जीभ आधी अडखळते आणि मग मन अडखळतं. हल्ली फोन करण्याआधी नाव मोठ्याने तीनदा म्हणून बघतो. एवढाच माझा उपाय, शास्त्रीय नाही.

---

नागपुरी संत्रा

काय गोष्टी करता राजेहो! अर्ज त लांबच राह्यला, मुलाखतीत काय होते ते सांगतो. तीन राउंड झक्कास झाले. चौथ्यात म्हणे टीमसोबत जेवाले चाल. तिथं दीड घंटा नुसतं आइस हॉकी. कोन कोनाले ट्रेड केला, गोलीचा गुडघा कसा हाय. मी सावजीचा मानूस, बर्फावर चालता येत नाही मले. दोन दिवसांनी मेल आला, ‘उत्तम उमेदवार, पण फिट नाही.’ मी आरशात पाह्यलं, म्हटलं फिट त हाओ.

---

उंबरठा

संत्रा भाऊ, हसले पण दुखलं. हा ‘फिट’ शब्द मला सगळ्यात घातक वाटतो. आपल्याकडे लग्न ठरवताना म्हणतात ना, "मुलगी चांगली आहे हो, पण आमच्यात रुळेल असं वाटत नाही." कारण विचारलं की कुणी सांगत नाही. तेच.

माझे सतरा महिने संपले ते कसे तेही सांगते. एका छोट्या लेखापाल कार्यालयाने मुलाखतीआधी एक बिलांचा गठ्ठा दिला, म्हणाले तासाभरात ताळेबंद जुळवा. बस. कुठून आलीस, इथे कधी आलीस, काही नाही. जुळवला. त्यांनी अठरा डॉलरचा फरक मुद्दाम ठेवला होता, तो काढून दिला. सोमवारपासून कामावर. त्या मालकांचं मन मोठं होतं की नाही हे मला आजतागायत माहीत नाही, बोलायला तर अगदी तुसडे होते.

---

रोजंदारी

उंबरठाताईंच्या शेवटच्या परिच्छेदावर माझी सही. मी अठरा वर्षं भरतीचंच काम करतो, आधी पुण्यात, आता टोरोंटोजवळ. तुसडा मालक आणि बिलांचा गठ्ठा हे गोड मालक आणि गप्पा यापेक्षा केव्हाही बरं.

खिडकीजवळची, तुमच्या हातून जे झालं त्याचं कारण वेळ आणि मोकळा समास. मोकळ्या समासात माणूस काहीही लिहितो. आम्ही काय करतो ते सांगतो.

जाहिरात देण्याआधीच कागदावर लिहायचं, या कामाला काय लागतं. जास्तीत जास्त सहा गोष्टी. प्रत्येकीपुढे विचारायचं, ही पहिल्या दिवशी लागते की महिन्यात शिकवता येते? शिकवता येते ती खोडायची. ‘उत्तम संवादकौशल्य’ हे बहुतेक कामांत काहीच सांगत नाही, तेही खोडायचं किंवा नीट लिहायचं: ‘पाळी बदलताना पुढच्या माणसाला तीन वाक्यांत अडचण सांगता येणे’. मग अर्जापुढे फक्त त्या सहा रकान्यांत खूण. समासच ठेवायचा नाही.

मुलाखतीत प्रत्येकाला तेच प्रश्न, त्याच क्रमाने. उत्तर कसं असेल तर एक गुण, कसं असेल तर तीन, कसं असेल तर पाच, हे आधी ठरलेलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खोलीबाहेर पडताना "कशी वाटली?" हा प्रश्न एकमेकांना विचारायचा नाही. आधी आपापले गुण आणि त्यांचं कारण लिहून पाकिटात घालायचे. एकदा का साहेब म्हणाले "छान आहे हो पोरगा" की उरलेल्या तिघांची पेनं साहेबांच्या दिशेने वळतात. मी डोळ्यांनी बघितलंय, एकाने तीनचा आकडा गिरवून गिरवून पाच केला होता.

हे कंटाळवाणं आहे. उमेदवारांनाही सरकारी वाटतं. पण कोण पुढे चांगलं काम करेल याचा अंदाज बांधायच्या ज्या पद्धती आहेत त्यांत आखीव मुलाखत सगळ्यात वर निघते, २०२२ मध्ये मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी आधीच्या अभ्यासांचा जो फेरहिशोब केला त्यातही. न्याय बाजूला ठेवा, नुसता स्वार्थ बघितला तरी तीच बरी.

---

खारी बिस्किट

सरळ नावं झाका की! नाव, गाव, फोटो, सगळं काळं करून अर्ज द्यायचे. प्रश्न मिटला.

---

आकडेमोड

मिटत नाही ना. कॅनडाच्या केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०१७ मध्ये हा प्रयोग केला. नावं झाकल्याने अल्पसंख्याकांना फायदाही दिसला नाही, तोटाही नाही. अर्थात भाग घेणाऱ्या खात्यांना आपण तपासले जातोय हे माहीत होतं, त्यामुळे सगळे आधीच नीट बसले असतील.

फ्रान्समध्ये तर उलटंच झालं. स्वेच्छेने आलेल्या कंपन्यांना निनावी अर्ज दिले आणि वंचित वस्त्यांतल्या आणि परदेशी मुळाच्या उमेदवारांची मुलाखतीची संधी घटली. एक कारण असं की जे आपणहून भाग घ्यायला आले ते मुळात बऱ्या मनाचे होते. नाव दिसत असताना ते अर्जातली मधली रिकामी वर्षं समजून घेत होते. नाव झाकलं तेव्हा फक्त रिकामी वर्षंच दिसली.

आणि लागोसची नऊ वर्षं झाकणार कशी? नाव काळं कराल, पण अनुभवाच्या रकान्यात लागोस लिहिलेलंच राहणार. ताईंनी नावाला नाही, गावाला नकार दिला होता.

---

राईनकाठ (जर्मनी)

इथली गंमत ऐका. २००६ च्या समान वागणुकीच्या कायद्यानंतर अर्जावर फोटो मागता येत नाही, पण लोक सवयीने लावतातच. अर्थतज्ज्ञ डोरिस वाइक्सेलबाउमर यांनी त्याच फोटोचा प्रयोग केला. एकाच मुलीचा फोटो, अर्ज तोच. नाव ‘सांड्रा बाउअर’ असताना १८.८ टक्के बोलावणी. ‘मेरिएम ओझ्तुर्क’ असताना १३.५. तेच तुर्की नाव, तोच चेहरा, पण डोक्याला रुमाल: ४.२. एका रुमालाचं वजन एवढं असतं.

मी फोटो लावत नाही. माझ्या जर्मन शेजारणीच्या मते म्हणूनच मला बोलावणी कमी येतात. आता बोला!

---

हिंजवडीची बस (पुणे)

परदेशातल्या मंडळींचं सगळं खरं. पण हा धागा वाचताना माझ्याच ऑफिसातला मीटिंगचा टेबल दिसत होता. आपल्याकडे अर्जावर पहिली नजर कुठे जाते? आडनावावर. मग गावावर. मुलाखतीत आडनाव नुसतं ‘राव’ किंवा ‘कुमार’ असेल तर काही लोक फिरवून फिरवून मूळ गावापर्यंत कसे पोचतात, ते मी शिकण्यासारखं कौशल्य म्हणून बघितलंय.

सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना असेच अर्ज पाठवले होते, तो अभ्यास २००७ मध्ये छापून आला. उच्चवर्णीय हिंदू नावाशी तुलना केली तर बोलावणं येण्याचं प्रमाण दलित नावाला साधारण दोन-तृतीयांश, मुस्लिम नावाला एक-तृतीयांश. पदव्या सगळ्यांच्या सारख्या.

आणि बिहारहून, उत्तर प्रदेशातून आलेल्या मुलाला आपण जो एक शब्द वापरतो तो इथे लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडे एका टेस्टरच्या अर्जावर दरभंग्याचं कॉलेज बघून एक जण म्हणाला, "डिग्री खरी असेल ना?" कोल्हापूरच्या कॉलेजला हा प्रश्न त्याने कधी विचारला नाही. ओंटॅरिओतल्या साहेबाने मात्र कोल्हापूरला नक्की विचारला असेल.

---

सडेतोड

आला! महाराष्ट्रातल्या मराठी माणसाला नोकरी नाही आणि इथे बिहारची चिंता. भूमिपुत्रांचं काय?

---

हिंजवडीची बस

भूमिपुत्राला नोकरी द्यायची की नाही हा धोरणाचा प्रश्न, त्यावर उघड बोलता येतं, भांडता येतं. मी बोलतोय ते ‘डिग्री खरी असेल ना’ या कुजबुजीबद्दल. ती कुठल्याच धोरणात लिहिलेली नाही.

---

चावडीवाला (संपादक मंडळ)

धाग्याचं काश्मीर होण्याआधी सांगतो, भूमिपुत्रांवर वेगळा धागा काढा. तिथे भांडा, मीही येतो.

---

पणजीची पेज

आमच्या कंपनीत नकळतच्या पूर्वग्रहावर दोन तासांचं प्रशिक्षण झालं. सामोसे चांगले होते. सर्टिफिकेट मिळालं. दुसऱ्या दिवशी त्याच सर्टिफिकेटवाल्या साहेबांनी एका मुलाला विचारलं, "कोकणी येते ना, की भायला?" ब्रिटनच्या सरकारनेही डिसेंबर २०२० मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठीची ही प्रशिक्षणं बंद करायचं जाहीर केलं, वागणुकीत फरक पडल्याचा पुरावा नाही म्हणून. सामोसे असते तर चालू ठेवली असती.

---

रोजंदारी

पेज, अगदी. मी स्वतः अशी प्रशिक्षणं घेतलीत, पोटासाठी. माणसं मान डोलावतात आणि प्रत्येकाला शेजारचा आठवतो.

एक राहिलं होतं. ओरिओपोलस यांच्या त्याच अर्जांची माहिती रूपा बॅनर्जी, जेफ्री राइट्झ हे अभ्यासक आणि स्वतः ओरिओपोलस यांनी मिळून २०१८ च्या अभ्यासात पुन्हा तपासली. सगळं शिक्षण-अनुभव कॅनडाचाच असलेल्या आशियाई नावांना मोठ्या कंपन्यांत इंग्रजी नावांपेक्षा सुमारे २० टक्के कमी बोलावणी, छोट्या कंपन्यांत जवळजवळ ४० टक्के कमी. मोठ्या कंपन्यांत माणसं जास्त सज्जन असतात असं काही नाही. तिथे बहुधा अर्जावरून एकापेक्षा जास्त हात फिरतात. ताईंना लागोसच्या बाईचा अर्ज सापडला तो दुसऱ्या यादीमुळेच.

---

सडेतोड

बरं, एक कबूल करतो. माझा भाचा मागच्या वर्षी आलाय, विंडसरला. मेकॅनिकल इंजिनियर, चाकणला सहा वर्षं. २०२३ पासून आँटॅरिओच्या अभियंत्यांच्या संस्थेने परवान्यासाठीची वर्षभराच्या कॅनडा-अनुभवाची अट काढलीय म्हणे, त्यामुळे तो खुशीत आला होता. परवान्याचं होईलही, पण नोकरीसाठी फोन येत नाहीत. त्याला मी सांगितलं, धीर धर, सगळ्यांनाच लागतो वेळ. काल हा धागा वाचून त्याचा अर्ज मागवला आणि पहिल्यांदा नीट वाचला. पोराने चाकणला जे यंत्र बसवलंय ते मी वीस वर्षांत बसवलेलं नाही.

माझं मत बदललं असं समजू नका. मालकाला जोखीम असते, ती असतेच. पण रोजंदारी, ते सहा रकाने कसे बनवता ते जरा विस्ताराने लिहा.

---

उंबरठा

सडेतोड काका, भाच्याला माझा निरोप द्या. विंडसरला आमचं मराठी मंडळ छोटं आहे पण त्यात दोन जण त्याच धंद्यातले आहेत. विचारपूस करीन.

---

खिडकीजवळची

तीन आठवडे गायब होते, माफ करा. झालं ते सांगते.

पाचही ‘नाही’ परत चाळणीत घेतले, आणि लीड्सच्या मुलालाही त्याच सहा रकान्यांतून काढला. तो सहाव्या नंबरवर गेला. बिचाऱ्याचा दोष नाही, त्याच्याकडे सूक्ष्मजीवांचं काम नव्हतंच, मला ते पहिल्यांदा दिसलंच नव्हतं. मुलाखतीला चार जण बोलावले, लागोसची बाई त्यात.

उंबरठाच्या बिलांवरून सुचलं म्हणून मी एक खोटी लॉगशीट बनवली. नऊ दिवसांच्या नोंदी: इनक्युबेटरचं तापमान सकाळ-संध्याकाळ, प्लेटवरच्या कॉलनींची मोजणी, सौम्यीकरणाचा हिशोब, सह्या. त्यात चार चुका मुद्दाम पेरल्या. वीस मिनिटं द्यायची आणि म्हणायचं, काय खटकतंय ते सांगा.

तिघांनी दोन-तीन चुका काढल्या. लागोसच्या बाईने चारही काढल्या. कागद परत देताना थांबली आणि म्हणाली, "हे तापमान. नऊ दिवस, दोन्ही वेळा, ३५.०. एकदाही ३४.८ नाही, ३५.२ नाही. हे कुणी थर्मामीटर बघून लिहिलेलं नाही. खुर्चीत बसून लिहिलंय."

ती चूक मी पेरलेलीच नव्हती. रात्री साडेदहाला शीट बनवताना कंटाळून मीच सगळीकडे ३५.० भरून टाकलं होतं, खुर्चीत बसून. सहकारी माझ्याकडे बघून हसायला लागली.

आता मला न आवडलेला भाग. पाकिटं उघडली तेव्हा ‘पाळी बदलताना अडचण सांगणे’ या रकान्यात मी तिला दोन दिले होते, सहकारीने चार. रोजंदारींच्या सांगण्याप्रमाणे कारण लिहिणं सक्तीचं होतं. माझं कारण: "सावकाश बोलते, दोन वाक्यांत थांबते." सहकारीचं: "तीन वाक्यांत सांगितलं, काही उरलं नाही." दोघींनी एकच बोलणं ऐकलं होतं. मला जो वेग इंग्रजीत यायला सहा वर्षं लागली, तो मी तिच्याकडून पहिल्या दिवशी मागत होते. आधी लिहून ठेवलेली वर्णनं परत वाचली. वेगाचा त्यात कुठे उल्लेख नव्हता. दोनाचे चार केले, आणि ते का केले तेही लिहून ठेवलं.

तिला पहिली पसंती देऊन फोन केला. तिने आदल्याच दिवशी दुसरीकडे होकार कळवला होता, घरापासून एकाच बसने जाता येतं म्हणून. आमच्याकडे यायला तिला तीन बस बदलाव्या लागल्या असत्या. माझ्या त्या बुधवारच्या पेन्सिलीमुळे चाळणी पुन्हा लावण्यात चार दिवस गेले होते, त्याचा हिशोब मी मनात केला. नवऱ्याला सांगितला नाही.

दुसऱ्या क्रमांकाची मुलगी घेतली, इथल्याच कॉलेजातली. चांगली आहे. नंतर मी तिला विचारलं, तापमानाचं का नाही खटकलं? म्हणाली, आमच्या कॉलेजात सगळे असंच भरायचे.

---

नागपुरी संत्रा

तीन बस! हे त कोनत्याच अर्जात लिहिता येत नाही ना.

---

सडेतोड

खिडकीजवळची, ती लॉगशीट मिळेल का? आमच्या देखभाल विभागात यंत्राच्या नोंदींसाठी तशीच बनवतो म्हणतो. चार चुका मी माझ्या घालीन.

---

खिडकीजवळची

व्यक्तिगत निरोप बघा. तापमानाचा रकाना तसाच ठेवलाय.